भागपत्रावरचं पहिलं नाव

मीरा रोडला पूर्वेकडे उतरून हाटकेशच्या कुठल्याही वीसेक वर्षं जुन्या सोसायटीत शिरलात, की लिफ्टशेजारी किंवा जिन्याखाली एक पाटी दिसते. डावीकडे फ्लॅटचा क्रमांक, उजवीकडे सभासदाचं नाव. टपालवाल्याला आणि कुरियरवाल्याला ती उपयोगाची. बाकीच्यांची नजर तिच्यावरून सरकून जाते. पण ती पाटी एकदा सावकाश वाचावी. कुठे नुसतं पुरुषाचं नाव, कुठे ‘श्री. व सौ.’, कुठे नवरा-बायको दोघांची पूर्ण नावं शेजारी शेजारी, कुठे एकटी ‘श्रीमती’, आणि कुठे बाईचं नाव आधी, पुरुषाचं नंतर. या पाच तऱ्हांच्या मागे शंभर वर्षांतले डझनभर कायदे आहेत. एका शल्यविशारदाचा हट्ट आहे, एका कायदेमंत्र्याचा राजीनामा आहे, शेतकरी बायकांचं एक प्रचंड अधिवेशन आहे आणि गृहकर्जाच्या हप्त्याचं साधं गणितही आहे. एवढा इतिहास इतक्या लहान फळीवर मावतो, याचं मला मनापासून नवल वाटतं.

हाटकेशच का, याला कारण आहे. हाटकेश ज्या शहरात आहे ते मीरा-भाईंदर यातल्या बऱ्याच कायद्यांपेक्षा वयाने लहान आहे. भातशेती, मिठागरं, खाडी आणि अधूनमधून गावठाणं असा हा पट्टा. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका. १९९१च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार ३७८. हाटकेश उद्योगनगरात गाळे चालू झाले, आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या. गिरगाव-परळच्या चाळीतली खोली विकून आलेले, कोकणातून, गुजरातेतून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले लोक इथे स्थिरावले. इमारतींत राहणाऱ्यांपैकी आजोबांच्या घरात राहणारा माणूस विरळाच. घर स्वतःच्या आयुष्यात, स्वतःच्या कमाईतून, कर्ज काढून घेतलेलं.

याचा परिणाम फार खोल आहे. गावातल्या घराच्या किंवा शेताच्या कागदावर बाईचं नाव चढायला आधी कुणीतरी मरावं लागतं. मग वारसनोंद, फेरफार, भावांचे चेहरे, नातेवाइकांचे सल्ले. नव्या उपनगरात मात्र प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, बिल्डरच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून: अ‍ॅग्रीमेंट कुणाच्या नावावर करायचं? हा प्रश्न विचारला जाणं हीच एका शतकाची कमाई आहे.

शंभर वर्षं मागे जाऊन पाहू. १९२५ साली ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या हिंदू शेतकरी कुटुंबात मुलगा जन्मला, की जन्मतःच तो एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत भागीदार होई. मुलगी होत नसे. स्त्रीधन तिचं स्वतःचं असे, पण जमीन ही पुरुषांच्या ओळीतून पुढे सरकणारी गोष्ट होती. नवरा एकत्र कुटुंबात असताना वारला, तर विधवेच्या वाट्याला पोटगी आणि राहायला जागा. वाटणी मागण्याचा हक्क नाही. नवरा वेगळा राहत असेल, मुलगा नसेल आणि मिळकत तिच्याकडे आलीच, तरी ती तिची अर्धीमुर्धी. उत्पन्न खावं, पण गंभीर अडचणीशिवाय विकू नये, कुणाला देऊ नये. ती गेली की मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे.

आता मीरा-भाईंदरच्याच दुसऱ्या टोकाला, उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती वस्तीत त्याच वर्षी काय होतं ते पाहा. तिथे लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १८६५ सालचा. १९२५ मध्ये तो नव्याने एकत्र मांडला गेला. त्यात मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. रूढीने तो किती मुलींच्या हातात पडू दिला ही गोष्ट वेगळी, पण कायद्याच्या कागदावर उत्तनची मुलगी भावाच्या बरोबरीला आली होती आणि काही मैलांवर, हाटकेशजवळच्या काशी गावातली हिंदू मुलगी त्या ओळीत उभीच नव्हती. दोघींमध्ये एक टेकडी, थोडी खाडी आणि जवळजवळ एक शतक.

मुसलमान मुलीची गोष्ट आणखी वेगळी. शरियतप्रमाणे तिला वाटा होता, भावाच्या निम्मा, पण होता. आणि आलेला वाटा संपूर्ण तिच्या मालकीचा. मात्र अनेक ठिकाणी स्थानिक रूढी शरियतच्या वर चढून बसली होती आणि मुलींना काहीच मिळत नसे. १९३७च्या कायद्याने रूढी बाजूला सारून शरियत लागू केली. शेतजमीन तेवढी त्यातून वगळली. पारशी मुलींचा वाटा भावांच्या बरोबरीचा झाला तो थेट १९९१ मध्ये. हाटकेशच्या एखाद्या मजल्यावर चार धर्मांची चार कुटुंबं राहत असतील, तर चार दारांवर चार वेगवेगळी घड्याळं लावलेली आहेत असं समजा; प्रत्येकात बाईच्या हक्काची वेळ वेगळी.

त्याच १९३७ साली हिंदू विधवांसाठीही एक कायदा झाला. तो मांडणारे डॉ. गोपाळराव विनायक देशमुख हे मुंबईतले नामांकित शल्यविशारद. दक्षिण मुंबईत ज्याला सगळे पेडर रोड म्हणतात, त्याचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. रोज हजारो गाड्या त्या रस्त्याने जातात आणि हे नाव कशामुळे मोठं झालं ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला. पण तोही हयातीपुरता. म्हणजे दार उघडलं, पण किल्ली तिच्या हाती दिली नाही.

किल्ली द्यायला आणखी एकोणीस वर्षं लागली, आणि ती एकोणीस वर्षं मला या साऱ्या कथेतली सगळ्यात थरारक वाटतात. १९४१ मध्ये बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. हिंदूंचे विखुरलेले नियम एका संहितेत आणायचं ठरलं. याच सुमारास मुंबई प्रांत थांबून राहिला नाही: १९४६ मध्ये दुसरं लग्न करण्यावर बंदी आणि १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा, हे दोन्ही मुंबईने देशाच्या आधी केलं. पुढे हिंदू कोड बिल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती आलं. हंसाबेन मेहतांसारख्या स्त्रियांनी त्याच्या बाजूने भांडून पाहिलं. संसदेत कलमामागून कलम अडवलं गेलं, चर्चा लांबत गेली, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडलं. राजीनाम्याच्या कारणांत हे विधेयक सोडून दिलं जाणं हे एक मोठं कारण होतं. ज्या माणसाने देशाची घटना उभी करण्यात एवढा वाटा उचलला, त्याला बायकांच्या वारसाहक्कावरून मंत्रिमंडळाबाहेर पडावंसं वाटलं, ही गोष्ट शाळेत जितक्या ठळकपणे शिकवली जायला हवी तितकी शिकवली जात नाही.

पुढे तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्याचं चौदावं कलम वाचताना आजही अंगावर काटा येतो. हिंदू स्त्रीच्या ताब्यात जी मिळकत आहे, मग ती या कायद्याच्या आधी मिळालेली असो की नंतर, ती आता तिची संपूर्ण मालकीची. वारसा, वाटणी, पोटगीच्या बदली मिळालेली जमीन, स्वतः विकत घेतलेली, सगळी. म्हणजे १६ जूनच्या रात्री एखादी विधवा नवऱ्याच्या शेताची हयातीपुरती राखणदार म्हणून झोपली आणि सकाळी मालकीण म्हणून उठली. तिने अर्ज केला नव्हता, कचेरीची पायरी चढली नव्हती. बहुतेकींना ते कळायलाही वर्षं लागली असतील. मूळ मजकुरात शेवटी अपवादाचं एक छोटं पोटकलम आहे, त्यावरून वकील आजही वाद घालतात. पण मधलं वाक्य पक्कं आहे.

तरीही एक खिंड राहिलीच. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी आली, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः भागीदार फक्त मुलगाच राहिला. ही खिंड बुजवण्यात महाराष्ट्र पुढे होता. आंध्राने १९८६ मध्ये, तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना मुलांसारखंच जन्मतः भागीदार केलं. महाराष्ट्राची तारीख २२ जून १९९४. याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरणही आलं. पण कायद्यात एक अट होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. एका घरातल्या दोन बहिणी डोळ्यांसमोर आणा. थोरलीचं लग्न मे १९९४ मध्ये झालं, धाकटीचं आषाढामुळे लांबून डिसेंबरात गेलं. एकाच आईबापाच्या दोन मुली. एक वडिलोपार्जित जमिनीची भागीदार, दुसरी नाही, आणि मध्ये फक्त मुहूर्त. ही अट केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने मोडली. त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते का, यावरून पुन्हा पंधरा वर्षं खटले चालले आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

हाटकेशच्या इमारतींत हे सगळं दूरचं वाटेल, पण इमारतींच्या पलीकडच्या काशी, मीरा, घोडबंदर या गावठाणांत आणि इथल्या रहिवाशांच्या कोकणातल्या, देशावरच्या गावी ते फार जवळचं आहे. सात-बाऱ्यावर बहिणीचं नाव चढतं, बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात, आणि मग एक दिवस भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. बहीण सही करते. माहेर तुटू नये म्हणून, भाऊबीज बंद पडू नये म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून. ज्या हक्कासाठी एका मंत्र्याने पद सोडलं तो दुय्यम निबंधकांच्या कचेरीत पाच मिनिटांत सुटतो. मी त्या बहिणींना दोष देणार नाही. माहेराची किंमत एकरांत मोजता येत नाही हे खरं आहे. पण ती किंमत दर वेळी बहिणीनेच का मोजायची, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

या कोंडीवर महाराष्ट्रात एक विलक्षण प्रयोग झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि शेतकरी बायका अक्षरशः लोटल्या. तिथून पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम उभी राहिली. संघटनेचे नेते शरद जोशी यांचं म्हणणं साधं होतं: ज्या लक्ष्मीने घरात राबून शेत उभं केलं, तिच्या नावे नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा करून द्यावा. कायद्याची सक्ती नाही, कोर्ट नाही. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, त्या गावाचा लक्ष्मी मुक्ती गाव म्हणून सत्कार व्हायचा. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढून सात-बाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. पुरुषांनी स्वखुशीने कागदावरची जागा सोडल्याची इतकी मोठी उदाहरणं जगात थोडीच असतील.

आता पुन्हा फ्लॅटकडे. इथे बाईचं नाव कागदावर आलं त्यात भाषणांपेक्षा गणिताचा वाटा मोठा आहे. एका पगारावर कर्ज पुरत नाही. बँक दोघांचं उत्पन्न एकत्र धरते तेव्हा कर्जाची रक्कम वाढते, हप्ता झेपतो. बायकोची पगाराची पावती जोडली, की तिचं नाव कर्जात येतं, आणि कर्जात आलं की घराच्या कागदात येणं ओघानेच होतं. बऱ्याच बँका स्त्री कर्जदाराला व्याजात किंचित सूट देतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत कमी उत्पन्न गटातल्या कुटुंबांसाठी घर स्त्रीच्या नावे किंवा तिच्यासह संयुक्त नावे असावं अशी अट होती. व्याजाचं अनुदान हवं, तर तिचं नाव हवं. पाठोपाठ १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजनेखाली स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत दिली. ७० लाखांच्या घरावर ते ७० हजार रुपये होतात. मात्र त्यासाठी खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असाव्या लागतात. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत गेली.

या सवलतीला सुरुवातीला एक अट होती जी मला फार अर्थपूर्ण वाटली: असं घर पंधरा वर्षं कुठल्याही पुरुषाला विकायचं नाही. सरकारला शंका होती की सवलतीपुरतं बाईचं नाव लागेल आणि मग गुपचूप निघेल. शंका खोटी नव्हती. पण अट अशी होती की तिने मालकिणीचेच हात बांधले. अडचणीत घर विकायचं झालं तर निम्मी गिऱ्हाइकं आधीच बाद. १९२५च्या विधवेची आठवण यावी असा प्रकार: मालकी आहे, विकता मात्र येत नाही. २०२३ मध्ये ही अट काढली. बरं झालं.

अ‍ॅग्रीमेंट झालं, नोंदणी झाली, सोसायटीने भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, दिलं. त्या भागपत्रावर दोन नावं असतील तर कुठलं पहिलं आणि कुठलं दुसरं, याला कोण एवढं महत्त्व देतं? पण महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा देतो. संयुक्त नावं असतील तर सर्वसाधारण सभेत मत पहिल्या नावाच्या माणसाचं. तो हजर नसेल, तर दुसऱ्याचं. हप्ता दोघांनी अर्धा अर्धा भरला असेल, पण गच्चीवर सौर पॅनल बसवायचं की नाही, पुनर्विकासाला होकार द्यायचा की नाही, यावर हात वर करायचा तो पहिल्या नावाने. आणि पहिलं नाव बहुधा नवऱ्याचं, कारण अर्ज भरताना कुणी विचारच केलेला नसतो. म्हणूनच पाटीवर जिथे बाईचं नाव आधी दिसतं तिथे मी थबकतो. तिथे कुणीतरी विचार केलेला आहे.

सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. २०११च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या कायद्यात ही तरतूद आली. समितीतल्या बायकांनी पाण्याच्या टँकरचा हिशेब, सुरक्षारक्षकाचा पगार, लिफ्टचं कंत्राट हाताळलं, की पुढची पायरी लांब राहत नाही. महापालिकेत ती पायरी आहेच. १९९३ मध्ये लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. मीरा-भाईंदर महापालिकेच्या ९५ जागांपैकी ४८ स्त्रियांच्या. गीता जैन, डिंपल मेहता, ज्योत्स्ना हसनाळे अशा लागोपाठ तीन महिला महापौर या शहराने पाहिल्या, आणि त्यातल्या गीता जैन २०१९ मध्ये अपक्ष लढून आमदार झाल्या. राखीव जागेवरून आत आलेली बाई पुढे खुल्या मैदानात जिंकते, ही त्या तरतुदीची खरी परीक्षा. लोकसभेत मात्र २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ स्त्रिया. गल्लीत निम्म्या, दिल्लीत सातातली एक.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक जुना प्रश्न आहे: बाईला कागदावर स्वतःचं नाव तरी आहे का? १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या तेव्हा अनेक स्त्रियांनी नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली: स्वतःचं नाव नसेल तर यादीत जागा नाही. देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अठ्ठावीस लाखांच्या आसपास नावं गळाली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. निर्णय कठोर होता. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या बायकांना यादीत यायचं, तर घराबाहेरच्या माणसाला नाव सांगणं भाग होतं.

आपल्याकडे उत्तरेसारखी अडचण आली नाही, तरी आपलीही एक रीत होती. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं. आडनाव बदलतंच, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतंच, पण कित्येकींचं पाळण्यातलं नावही त्या ताटात मिटून गेलं. आज हौसेने करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पण ज्या बाईच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं आणि भागपत्रावर तिसरं असतं, तिला बँकेत विचारा की नाव बदलणं म्हणजे काय. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक बालकाचं नाव सरकारी कागदात असं लिहायचं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. विवाहित स्त्रीला मिळकतीच्या कागदावर लग्नाआधीचं नाव लावायची मुभाही त्याच निर्णयात आहे. जिथे ‘अमक्याची आई’ म्हणून बाईचं नाव यादीतून गेलं होतं, त्या देशातल्या एका राज्यात आता प्रत्येक मूल आईचं नाव घेऊन शाळेत जाईल. पहिली तुकडी २०४२ मध्ये मतदार होईल.

कर्जाला पगाराची पावती लागते आणि पगाराला गाडी. म्हणून ५ मे १९९२ ही तारीखही मला या यादीत घालावीशी वाटते. त्या दिवशी चर्चगेट ते बोरिवली पहिली महिला विशेष लोकल धावली आणि पुढच्या वर्षी तिची सेवा विरारपर्यंत वाढली, म्हणजे मीरा रोडपर्यंत पोचली. हाटकेशच्या गाळ्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी दुसरी तारीख महत्त्वाची. १९४८च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई होती. हेतू संरक्षणाचा, पण रात्रपाळीचा जादा पैसा आणि त्यातून मिळणारी बढती पुरुषांकडे राहिली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षेच्या अटी घालून ती मनाई उठवली.

घरातलं घड्याळ मात्र हळू चालतं. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. मीरा रोडहून चर्चगेटला जाऊन-येऊनही यातला वेळ उरेल. कायद्याने कागदावर नाव घातलं. ही मिनिटं कुठल्या कलमाने वाटून घ्यायची ते अजून कुणाला सुचलेलं नाही.

आणि कायद्यातही एक जागा अजून दुखरी आहे, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं पंधरावं कलम. नोकरी करून स्वतःच्या पैशाने हाटकेशला फ्लॅट घेतलेली एक विधवा आहे, मूल नाही, आणि ती मृत्युपत्र न करता गेली, असं धरा. फ्लॅट कुणाला? तिच्या आईला नाही. आधी नवऱ्याच्या वारसांना: सासू, दीर, नणंदेची मुलं. हे कुणी हयात नसतील तरच तिच्या आईवडिलांचा क्रमांक. पुरुष गेला तर त्याची आई पहिल्या ओळीतली वारस असते. बाई गेली तर तिची आई रांगेत मागे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेलेली, सासरहून बाहेर काढलेली, माहेरच्यांनी शिकवलेली, आयुष्यभर नोकरी केलेली स्त्री. तिची स्वकष्टाची मिळकत कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. न्यायालयाने सांगितलं की सहानुभूतीवर निकाल देता येत नाही.

म्हणून ज्या ज्या बाईचं नाव पाटीवर आहे, तिने एक गोष्ट आजच करावी. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे झालं असं समजू नये. नामनिर्देशित माणूस म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलं तरी चालतं. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्ती नाही. आपली सही हवी, आणि ती पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुसलमान स्त्रीला मृत्युपत्राने साधारणपणे एकतृतीयांश मिळकतीचीच व्यवस्था लावता येते, तेवढं ध्यानात ठेवावं. बाकीच्यांनी कुणाला काय द्यायचं ते पूर्ण नावानिशी लिहावं, आणि त्यावर तारीख घालायला विसरू नये.